क्षेत्रीय ध्वनिमुद्रण आणि बाह्य मायक्रोफोन : माकुणसार परिसरातील बोलींच्या अनुषंगाने

१. प्रश्नाचे स्वरूप

पालघर तालुक्यातील सफाळे-केळवे परिसरात माकुणसार हे गाव आहे. पश्चिमेस समुद्र आणि किनाऱ्यावरील वाड्या, पूर्वेस पश्चिम रेल्वेचा मार्ग आणि त्यापलीकडे डोंगराळ भाग, अशा अरुंद पट्ट्यात हा परिसर वसलेला आहे. या पट्ट्यात थोड्याथोड्या अंतरावर बोली बदलते. किनाऱ्याकडील वाडवळ, भंडारी, मांगेला या समाजांचे बोलणे निराळे. पूर्वेकडील वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे निराळे. शाळेत शिकविली जाणारी मराठी या सर्वांच्या कानावर पडते, रेल्वेने मुंबईची मराठी येते आणि उत्तरेकडून गुजरातीचा स्पर्शही पूर्वापार आहे. बोलीभाषांच्या अभ्यासकास असे क्षेत्र दुर्मीळ होय.

या क्षेत्रातील एकच प्रश्न उदाहरणादाखल घेऊ. वाडवळी व सामवेदी या बोलींत प्रमाण मराठीतील 'स' च्या जागी 'ह' येण्याची प्रवृत्ती आहे. अशा बोलीत 'सात' या संख्यावाचकाचा उच्चार 'हात' असा झाला, तर तो अवयववाचक 'हात' या शब्दाशी तंतोतंत एकरूप होतो काय? की वक्त्याच्या तोंडून एखादा सूक्ष्म फरक, थोडे अधिक घर्षण, थोडा अधिक श्वास, अद्याप उमटत असतो? आणि आजी, मुलगी व नात अशा तीन पिढ्यांत हा फरक वाढत आहे की पुसला जात आहे? अशा प्रश्नांचे उत्तर नुसत्या कानावर विसंबून देता येत नाही. त्यासाठी उच्चार पुनःपुन्हा ऐकावा लागतो, त्याचा आलेख काढावा लागतो, दोन वक्त्यांचे उच्चार शेजारी ठेवून मोजावे लागतात. म्हणजेच ध्वनिमुद्रण करावे लागते.

ध्वनिमुद्रणाची यंत्रे आज स्वस्त व सुटसुटीत झाली आहेत. परंतु यंत्र चांगले म्हणजे मुद्रण चांगले, ही समजूत बरोबर नाही. मुद्रणाचा खरा निर्णय यंत्रात शिरण्यापूर्वी, वक्त्याचे ओठ आणि मायक्रोफोन यांच्या दरम्यानच्या हवेत होत असतो. तो कसा होतो आणि क्षेत्रात काम करणाऱ्याने त्याबाबत काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. लेखणीकडून यंत्राकडे

या पट्ट्यातील बोलींची पहिली पद्धतशीर नोंद ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात आढळते. या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कोळी, वाडवळ, सामवेदी, फुडगी, वारली, कातकरी इत्यादी बोली त्यात नोंदविल्या आहेत. बायबलातील उधळ्या पुत्राची कथा ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घ्यावयाची, ही सर्वेक्षणाची मुख्य रीत होती. या नमुन्यांचे मोल आजही मोठे आहे. तथापि त्यांची एक मर्यादा स्पष्ट आहे. लिहून घेणाऱ्याने जेथे 'ह' लिहिला तेथे 'ह' राहिला आणि जेथे 'स' लिहिला तेथे 'स' राहिला. मधला एखादा उच्चार असेल, तर त्याचा निकाल लेखणीने त्याच क्षणी लावून टाकला आणि तो आता फिरविता येत नाही.

ही उणीव ग्रिअर्सन यांच्याही ध्यानात आली होती. म्हणूनच १९१३ ते १९२९ या काळात सर्वेक्षणाच्या जोडीला ग्रामोफोनच्या तबकड्यांवर शंभराच्या जवळपास भाषा-बोलींची दोनशेहून अधिक मुद्रणे तयार करण्यात आली. तिकडे अमेरिकेत जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी १८९० साली पॅसामाक्वाडी या मूलनिवासी समाजाची गाणी व कथा मेणाच्या नळीवर मुद्रित केल्या होत्या. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. पुढे स्टेफान कुडेल्स्की यांचे नाग्रा हे सुवाह्य फीतयंत्र १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले आणि उत्तम प्रतीचे मुद्रण प्रयोगशाळेबाहेर नेणे शक्य झाले.

महाराष्ट्रात अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठीच्या बोलींची वर्णने क्रमाने प्रसिद्ध केली. त्यांपैकी ठाणे जिल्ह्यातील वारलीवरील ग्रंथ १९६९ चा आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने गावोगाव जमविलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण २०१७ मध्ये हाती घेतले. त्यातील मुद्रणे सर्वांना ऐकण्यासाठी संगणकीय जालावर खुली केलेली आहेत.

लेखणी आणि यंत्र यांतील महत्त्वाचा भेद या इतिहासातून दिसून येतो. लेखणी निर्णय देते. मुद्रण निर्णय पुढे ढकलते. उच्चार 'स' होता की 'ह', हे आज ठरविता आले नाही तरी पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक अधिक चांगल्या साधनांनी ते ठरवू शकेल. हेच मुद्रणाचे खरे मोल होय. परंतु मुद्रण सदोष असेल तर तेही लेखणीप्रमाणेच निर्णय देऊन बसते; आणि लेखणीचा निर्णय निदान डोळ्यांना दिसतो, सदोष मुद्रणाचा तोही दिसत नाही.

३. अंतराचा नियम

मोकळ्या जागेत ध्वनी उगमापासून जसजसा दूर जातो तसतसा तो क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. मायक्रोफोन वक्त्याच्या तोंडापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि तो तेथून ४०, ८० व अखेर १६० सेंटिमीटरवर नेला, तर अंतर तीनदा दुप्पट होते आणि वक्त्याचा आवाज १८ डेसिबलने उतरतो. पंख्याची घरघर, अंगणातील कावळे, रस्त्यावरील वाहने आणि दूरच्या गाडीचा खडखडाट यांची पातळी मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच राहते, कारण त्यांच्यापासूनचे मायक्रोफोनचे अंतर फारसे बदललेले नसते.

यावर यंत्राची ग्रहणक्षमता वाढवावी, असे पुष्कळांस वाटते. तसे केल्याने वक्त्याचा आवाज मोठा होतो हे खरे. परंतु पंखा व कावळेही तेवढेच मोठे होतात. दोहोंतील प्रमाण तसूभरही सुधारत नाही. यंत्र आवाज वाढवू शकते. अंतर कमी करू शकत नाही. बाह्य मायक्रोफोन वापरण्याचे मुख्य कारण हेच होय. यंत्रात बसविलेले मायक्रोफोन पुष्कळदा उत्तम प्रतीचे असतात. पण ते यंत्राबरोबर टेबलावर किंवा जमिनीवर राहतात. टेबलावरील ठोके, कळा दाबल्याचे आवाज आणि यंत्र हाताळल्याची कुरकुर त्यांत उतरते. वक्ता तर एक-दीड मीटरवर बसलेला असतो. मायक्रोफोन यंत्रापासून सोडवून वक्त्याच्या जवळ नेला की हे दोन्ही दोष एकदम कमी होतात.

बोलीच्या अभ्यासात याचे महत्त्व विशेष आहे, कारण येथील कळीचे भेद ध्वनीच्या सर्वांत नाजूक अंशांत दडलेले असतात. 'स' या वर्णाचे घर्षण मुख्यतः ४,००० हर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यात असते. जुन्या टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जात असे. म्हणून टेलिफोनवर 'स' ऐकण्यात घोटाळा होई. 'ह' चे घर्षण त्याहून मंद, पुढील स्वराच्या आकाराप्रमाणे पसरलेले आणि पार्श्वभूमीच्या गोंगाटात सहज बुडणारे असते. दोहोंच्या मधला उच्चार अर्थातच त्याहूनही नाजूक. किनाऱ्यावरील कोळी-आगरी बोलींत 'घोडा' चे 'घोरा' होणे, 'ळ' चा 'ल' व 'ण' चा 'न' होणे, हे भेदही असेच क्षणिक आहेत. जिभेचा असा निसटता स्पर्श काही वेळा सेकंदाच्या चाळीसाव्या-पन्नासाव्या भागाएवढाच असतो. घुमणाऱ्या खोलीत मागील स्वराचा प्रतिध्वनी तेवढ्या वेळात त्या स्पर्शावर पसरतो आणि कोणता वर्ण उच्चारला गेला ते सांगणे कठीण होऊन बसते.

४. मायक्रोफोनची निवड

क्षेत्रीय कामासाठी तीन प्रकारचे बाह्य मायक्रोफोन विशेष उपयोगी पडतात.

पहिला डोक्यावर किंवा कानावर अडकविण्याचा. तो तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर राहतो आणि वक्त्याने मान वळविली तरी अंतर बदलत नाही. उच्चारांची मोजणी करावयाची असेल तर याहून चांगले साधन नाही. तो अगदी ओठांसमोर न ठेवता बाजूला ठेवावा. नाही तर 'प', 'फ', 'भ' उच्चारताना निघणारी हवेची झुळूक त्यावर आदळते. मात्र वयोवृद्ध वक्त्याला, विशेषतः डोक्यावर पदर घेणाऱ्या स्त्रीला, असे उपकरण लावून घेणे अवघड वाटते. संकोच वाटला की बोली आटते आणि त्या जागी पाहुण्यासाठी राखलेली मराठी येते. यंत्राच्या दृष्टीने सर्वोत्कृष्ट असलेले साधन वक्त्याच्या दृष्टीने निकृष्ट ठरू शकते, हे अभ्यासकाने विसरू नये.

दुसरा कपड्यावर लावण्याचा छोटा मायक्रोफोन. तो हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर लावतात आणि वक्त्याला थोड्याच वेळात त्याचा विसर पडतो. पदराची सळसळ, मण्यांची माळ आणि मंगळसूत्र हे त्याचे शत्रू होत. लावल्यानंतर वक्त्याला एकदा हात हलवावयास व मान वळवावयास सांगून कानात श्रवणयंत्रे घालून ऐकावे. याशिवाय आणखी एक बारीक दोष आहे. हनुवटीच्या आडोशामुळे उच्च वारंवारतेचा अंश छातीपर्यंत कमी पोहोचतो. म्हणजे नेमका 'स' थोडा बोथट होतो. समजा, माकुणसार येथे कपड्यावरचा मायक्रोफोन वापरला आणि शेजारच्या गावी डोक्यावरचा. तर दोन गावांच्या 'स' मध्ये जो फरक दिसेल तो बोलीचा की मायक्रोफोनचा, हे सांगता येणार नाही. तुलना करावयाची असेल तेथे सर्व वक्त्यांसाठी तोच मायक्रोफोन, तेच स्थान व तेच अंतर ठेवणे अनिवार्य आहे.

तिसरा तिवईवर लावण्याचा दिशासापेक्ष मायक्रोफोन. तो समोरचा आवाज अधिक व बाजूचा कमी घेतो. तो वक्त्यापासून ३० ते ५० सेंटिमीटरवर, तोंडाच्या किंचित वर वा खाली व तिरपा ठेवावा. लांब नळीच्या आकाराचा मायक्रोफोन मोकळ्या जागेत चांगले काम करतो. लहान बंद खोलीत भिंतींवरून परतणारे ध्वनी सर्व दिशांनी येत असल्यामुळे त्याचा फायदा पुष्कळ कमी होतो. दिशासापेक्ष मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ नेल्यास खालचे स्वर फुगतात, हेही ध्यानात असावे. सर्व दिशांनी ग्रहण करणाऱ्या मायक्रोफोनात हा दोष नसतो.

दोन वक्त्यांचा संवाद मुद्रित करावयाचा असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र मायक्रोफोन द्यावा व दोन्ही वेगवेगळ्या मार्गिकांवर घ्यावेत. मायक्रोफोन तोंडापासून जितका दूर असेल त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांमध्ये असावे, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्यात फारसे मिसळत नाही.

५. जोडणी आणि पातळी

तीन टोकांच्या मोठ्या जोडणीची तार ही समतोल तार होय. तिच्या दोन वाहिन्यांतून एकच संदेश परस्परविरुद्ध जातो. वाटेत शिरलेली विजेची गुणगुण दोन्हींत सारखीच असते. यंत्र दोहोंतील फरक घेते आणि ती गुणगुण आपोआप वजा होते. म्हणून लांब तार वापरावयाची असेल तेथे हीच जोडणी योग्य. या मार्गाने कंडेन्सर प्रकारच्या मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठाही यंत्रच करते. तो सुरू करावयास विसरल्यास मायक्रोफोन मुका राहतो. या पुरवठ्याने यंत्रातील बॅटरी लवकर उतरते, यासाठी बॅटऱ्यांचा दुसरा संच नेहमी जवळ असावा.

कपड्यावरच्या लहान मायक्रोफोनची जोडणी बहुधा साडेतीन मिलिमीटरच्या बारीक पिनची असते. मोबाइलसाठी केलेल्या अशा मायक्रोफोनच्या पिनेवर चार संपर्कभाग असतात, ध्वनिमुद्रकासाठी तीन. वरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात आणि छिद्रात बसतातही. परंतु जोडणी जुळत नाही व मुद्रणात आवाजच येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. गावी पोहोचल्यावर हा शोध लागण्यापेक्षा निघण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण साखळी जोडून पाच मिनिटांचे मुद्रण करून ऐकणे हिताचे.

मुद्रण असंकोचित वेव्ह या स्वरूपात, २४ बिट व दर सेकंदास निदान ४८,००० नमुने अशा मापाने करावे. ध्वनिसंग्रहांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर हेच किमान माप स्वीकारलेले आहे. दोन मार्गिकांच्या एका तासाच्या मुद्रणास सुमारे १ जीबी जागा लागते. आजच्या साठवणपत्राला ती काहीच नव्हे. एमपी३ सारख्या संकोचित स्वरूपात, कानाला एरवी ऐकू येणार नाही असे गृहीत धरलेले अंश गाळलेले असतात. गाणे ऐकणाऱ्यास त्याने बिघडत नाही. परंतु 'स' आणि 'ह' यांच्यामधील पुसट घर्षण मोजणाऱ्यास नेमके तेच अंश हवे असण्याचा संभव असतो.

आपोआप पातळी राखण्याची सोय बंद ठेवावी. ती चालू असल्यास वक्ता थांबला की यंत्र ग्रहणक्षमता वाढविते आणि पार्श्वभूमीचा गोंगाट लाटेसारखा वर येतो. वक्ता कुजबुजला काय आणि ओरडला काय, मुद्रणात सारखेच दिसते. पातळी हाताने अशी लावावी की सर्वांत मोठा उच्चार उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. वक्ता रंगात आला की आवाज चढतो. तेवढी जागा वर मोकळी हवी. गोंगाट दाबण्याची सोय, जी मोबाइलमध्ये बहुधा न सांगताच चालू असते, तीही बंदच असावी. ती मंद व अस्थिर घर्षणाला गोंगाट समजते आणि 'ह' खाऊन टाकते. अलीकडे ३२ बिट तरंगबिंदू पद्धतीची यंत्रे आली आहेत. त्यांत पातळी चुकली तरी नंतर सुधारता येते. दूर ठेवलेला मायक्रोफोन मात्र त्यांनाही जवळ आणता येत नाही.

६. वारा, घर आणि वेळ

किनाऱ्यालगतच्या गावी अभ्यासकाचा पहिला प्रतिस्पर्धी वारा होय. दिवस तापला की समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो आणि दुपारनंतर तो जोर धरतो. पहाटे व सकाळी हवा तुलनेने शांत असते. मायक्रोफोनच्या पडद्यावर वारा आदळला की खालच्या स्वरांचा जो गडगडाट होतो तो नंतर गाळून टाकता येईल, असे समजणे चुकीचे आहे. पडदाच जेव्हा मर्यादेबाहेर हलतो तेव्हा वक्त्याचा आवाजही त्याबरोबर फाटतो. म्हणून उपाय मायक्रोफोनवरच केला पाहिजे. घरात फोमची टोपी पुरते. अंगणात, वाडीत किंवा बंदरावर लांब केसांचे लव असलेले आच्छादन हवे. सुरूच्या झाडांखाली बसणे टाळावे. वारा अगदी मंद असला तरी त्यांचा सुस्कार थांबत नाही आणि तो नेमका 'स' च्या पट्ट्यात मिसळतो.

घरांपैकी कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन व कौले असलेले घर मुद्रणास अनुकूल. त्यात ध्वनी शोषला जातो. सिमेंटची नवी खोली, गुळगुळीत फरशी आणि रिकाम्या भिंती यांत तो घुमतो. तेथे दोरीवर गोधड्या टाकाव्यात, जमिनीवर सतरंजी अंथरावी, भाताच्या गोणी रचलेल्या कोपऱ्याजवळ बसावे. वक्त्याची पाठ रिकाम्या भिंतीस लागून नसावी. पंखा बंद करावा; पण उकाड्यात वृद्ध माणसाला तासभर पंख्याविना बसविणे बरे नव्हे, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत काम करावे. शीतकपाट बंद केले असेल तर निघण्यापूर्वी ते सुरू करण्याची आठवण ठेवावी. घरातील मासळी खराब झाली तर पुढच्या खेपेस त्या घराचे दार पूर्वीसारखे उघडणार नाही.

वेळेची निवड गावाच्या दिनक्रमावरून करावी. मासेमारीच्या घरी भरती-ओहोटी पाहावी लागते, वाडीच्या घरी शिंपणे व काढणी, भातशेतीच्या घरी आवणी व कापणी. रेल्वेमार्गाजवळच्या पाड्यात गाडीचा आवाज येणारच. तो आला की वक्त्याला मध्येच थांबवू नये. गाडी गेल्यावर तोच प्रसंग पुन्हा विचारावा. मोबाइल यंत्राजवळ असल्यास त्याचे टकटक मुद्रणात उतरते, म्हणून तो बंद किंवा दूर ठेवावा. शक्य तेथे यंत्र बॅटरीवर चालवावे, म्हणजे घरातील विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण टळते. आरंभी व अखेरीस कोणी न बोलता अर्धा मिनिट नुसत्या खोलीचे मुद्रण घ्यावे. पुढे विश्लेषणाच्या वेळी पार्श्वभूमी कोणती व उच्चार कोणता, हे ठरविण्यास त्याचा उपयोग होतो.

७. समूहगीते आणि तारपा

एकट्या वक्त्यासाठी सांगितलेले नियम समूहासाठी जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वारली समाजात विवाहविधी धवलेरी गाऊन चालविते आणि इतर स्त्रिया तिला साथ देतात. येथे शब्द महत्त्वाचे असतील तर धवलेरीजवळ एक मायक्रोफोन हवा. समूहाचा मेळ महत्त्वाचा असेल तर दोन सारख्या मायक्रोफोनांची जोडी समोर हवी. फ्रान्सच्या नभोवाणीने रूढ केलेल्या एका रचनेत दोन मायक्रोफोन १७ सेंटिमीटर अंतरावर व परस्परांशी ११० अंशांच्या कोनात लावतात. त्यामुळे कोणता आवाज कोठून आला हे ऐकणाऱ्यास स्पष्ट कळते. दोन्ही उद्दिष्टे असल्यास चार मार्गिकांचे यंत्र घ्यावे. मात्र विधी हा विधी आहे. मायक्रोफोनच्या सोयीसाठी कोणाची जागा बदलावयास सांगणे उचित नाही.

तारप्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. सुकविलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा यांपासून बनलेले हे वाद्य उघड्यावर वाजते. नर्तकांची साखळी वादकाभोवती फिरते आणि वादकही आपली जागा बदलीत असतो. कर्ण्याच्या समोर मायक्रोफोन धरला तर वाद्य तेवढे येते. पावलांचा ठेका व काठीचा ताल हरवतो. जोडी रिंगणाबाहेर तीन-चार मीटरवर, माणसाच्या उंचीहून थोडी वर लावावी आणि वादकाच्या अंगावर एक छोटा मायक्रोफोन द्यावा, म्हणजे नृत्य व वाद्य दोन्ही सापडतात. येथे पातळी आधी पुष्कळ खाली ठेवावी, कारण नृत्य चढत जाते.

८. नोंद, जतन आणि संमती

प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दिनांक, स्थळ, वक्त्याचा सांकेतिक क्रमांक आणि मायक्रोफोनचा प्रकार व अंतर हे अभ्यासकाने स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावे. कागद हरवतो, नाव बदललेली फाइल ओळखू येत नाही. मुद्रणातच बोललेली नोंद मात्र मुद्रणाबरोबर राहते. त्याच संध्याकाळी मुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर घ्याव्यात, त्या एकाच पिशवीत ठेवू नयेत आणि प्रती उघडून पाहिल्याशिवाय साठवणपत्र पुसू नये. मूळ मुद्रण कधीही सुधारू नये; गाळणी किंवा कापाकापी करावयाची ती प्रतीवर करावी.

संमती ही केवळ कागदावरील सही नव्हे. आवाज कोठे ठेवला जाणार, कोण ऐकणार आणि नको वाटल्यास तो कसा काढून टाकता येईल, हे वक्त्याला त्याच्या बोलीत व सवडीने सांगितले पाहिजे. "आजी, तुमचं बोलणं यात राहील आणि पुढं पुष्कळ लोक ऐकतील, चालेल ना?" एवढा साधा प्रश्न छापील पत्रकापेक्षा अधिक प्रामाणिक ठरतो. बोलण्याच्या ओघात घरातील वाद, जमिनीचे तंटे, इतरांविषयीचे शेरे येतात. तो भाग संग्रहात खुला ठेवू नये. मुद्रणाची एक प्रत त्या घरी पोहोचविणे हे अभ्यासकाचे कर्तव्य समजावे.

९. समारोप

माकुणसारच्या उत्तरेस तारापूर येथे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या विस्तारातील तिसरी व चौथी भट्टी २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाली आणि त्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आले. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला आणि वाढवण बंदरास केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. असे बदल चांगले की वाईट, हा भाषाभ्यासाचा विषय नव्हे. परंतु गाव उठले की शेजार मोडतो, शेजार मोडला की बोलण्याची सवय बदलते, आणि ज्या आजीच्या 'सात' मध्ये तो पुसट फरक अजून शिल्लक असेल, तिचे बोलणे दुसऱ्यांदा मुद्रित करण्याची संधी मिळेलच असे नाही.

म्हणूनच वरील सूचना किरकोळ वाटल्या तरी त्यांचे मोल किरकोळ नाही. महागडे यंत्र नसले तरी चालेल. मायक्रोफोन वक्त्याच्या जवळ, वाऱ्यापासून सुरक्षित आणि सर्वांसाठी एकाच अंतरावर असला पाहिजे. तसे झाले तर 'स' की 'ह' हा निर्णय पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांसाठी खुला राहील. न झाल्यास १९०५ मध्ये लेखणीने केले तेच आजचे यंत्र करील. आणि ऐकणाऱ्याला ते कळणारही नाही.